वारं खायला स्कॉटलंडला

प्रश्न : ताई, स. न. वि. वि. आम्ही चार मित्र, सगळे साठीच्या आसपासचे. माझा सुताचा धंदा आता मुलगा बघतो. सवड मिळेल तसं पुण्याला जाऊन गोल्फ खेळतो. पुढच्या मे महिन्यात, सोलापूर तापलं की, समुद्राकाठचे नामांकित कोर्स करून यायचं ठरवलं आहे. स्कॉटलंडचा सेंट अँड्र्यूज, उत्तर आयर्लंडचा रॉयल पोर्टरश, आयर्लंडचा बॅलीबनियन आणि अमेरिकेतला पेबल बीच. हातात बारा दिवस आहेत. एजंट म्हणतो, सगळं बसवून देतो. एकाचा गुडघा दुखरा आहे, दोघे शाकाहारी आहेत. चौघांच्या सौ. बरोबर येतील, त्या खेळत नाहीत. कसं आखावं?
— एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : एजंट बसवून देईल हो, पण विमानात बसायचंय तुम्हाला. बारा दिवसांत ही चार नावं घेतलीत तर निम्मा वेळ विमानतळावर गोल्फच्या पिशव्यांवर पाय टाकून बसण्यात जाईल.

पहिला पेबल बीच काढा. कोर्स उत्तमच आहे. १९१९ सालचा. त्याचा सातवा होल (चेंडू मारायच्या जागेपासून खळग्यापर्यंतचा टप्पा) जेमतेम शंभर यार्डांचा, वरून खाली, थेट पॅसिफिकच्या अंगावर मारायचा. वारा समोरून असला की त्या शंभर यार्डांना भलेभले लांबचा आयर्न (लोखंडी डोक्याची काठी) काढतात. पण त्याला अमेरिकेचा व्हिसा वेगळा लागतो. खेळण्याची वेळ आधीपासून पक्की हवी असेल तर त्यांच्याच रिसॉर्टमध्ये राहावं लागतं. एका फेरीचे सहाशे डॉलरच्या वर जातात, राहण्याचे वेगळेच. कॅलिफोर्नियात चौघांपैकी कुणाची तरी लेक नाहीतर पुतण्या असणारच. त्यांच्याकडे जाल तेव्हा बघा.

बॅलीबनियनही काढा. नकाशात पोर्टरश आणि बॅलीबनियन एकाच बेटावर दिसतात, तिथंच फसगत होते. पोर्टरश ब्रिटनमध्ये येतं, ब्रिटिश व्हिसावर चालतं. बॅलीबनियन पार नैर्ऋत्येला केरी परगण्यात, म्हणजे दुसऱ्या देशात. ब्रिटिश व्हिसावर आयर्लंडला जाऊ देण्याची सवलत भारतीयांना आहे, पण अटींवर. एवढ्या खटाटोपासाठी तुमच्याकडे दिवस कुठे आहेत?

राहिली दोन. पोर्टरशचं शेवटी सांगते, आधी सेंट अँड्र्यूज. माझं ऐकाल तर बारापैकी आठ रात्री एकाच घरात काढा, याच गावात. लोकांना वाटतं तिथं एकच कोर्स आहे, तो नामांकित ओल्ड कोर्स. एका सार्वजनिक ट्रस्टच्या ताब्यात सात आहेत, आणि ते कुणालाही खेळता येतात. 'न्यू कोर्स' १८९५ चा आहे, तरी त्याला अजून नवाच म्हणतात! ज्युबिली १८९७ चा. जगभरातून लोक येतात, ओल्ड कोर्सच्या मागे लागून या दोघांकडे ढुंकून बघत नाहीत. तुम्ही बघा. फी बरीच कमी आहे आणि वारा तोच आहे.

ओल्ड कोर्सवर खेळण्याची वेळ बहुतेकांना सोडतीत मिळते. आपल्या म्हाडासारखं, फक्त निकाल त्याच दिवशी लागतो. ज्या दिवशी खेळायचं त्याच्या दोन दिवस आधी दुपारपर्यंत नावं द्यायची, संध्याकाळी यादी लागते. दोन ते चार जणांचा गट चालतो, तुम्ही चौघे आहात म्हणजे सोयीचंच. रविवारी ओल्ड कोर्स बंद असतो. आता आठ रात्री का म्हणते ते लक्षात आलं असेल. सोडतीत रोज नाव टाकायचं. लागलं तर ओल्ड कोर्स, नाही लागलं तर न्यू नाहीतर ज्युबिली. दोनच रात्री राहणाऱ्याला ही चैन परवडत नाही. तो मग हॉटेलसह वेळ देणारं महागडं पॅकेज घेतो. ओल्ड कोर्सची नुसती फी हंगामात तीनशे पौंडांच्या पुढे आहे, कॅडीचे (पिशवी उचलून वाट सांगणारा) आणि त्याच्या बक्षिसीचे वेगळे.

आणि एक. २०२७ च्या जुलैत ओपन, म्हणजे ब्रिटनची मोठी गोल्फ स्पर्धा, सेंट अँड्र्यूजलाच आहे. त्या वर्षी निघणार असाल तर स्पर्धेच्या तयारीसाठी कोर्स पाहुण्यांना कधी बंद आहे ते बघूनच तिकिटं काढा.

आता, पत्रात तुम्ही ज्याचं नावही काढलं नाही ते. हँडिकॅपचं, म्हणजे खेळाडूची पातळी सांगणाऱ्या आकड्याचं, प्रमाणपत्र. 'साधारण चोवीसचा खेळतो' हे पुण्यात चहाच्या टेबलावर चालतं. तिथं ओल्ड कोर्सला अधिकृत आकडा दाखवावा लागतो, चौघांचाही. आपल्याकडे इंडियन गोल्फ युनियनच्या मार्फत क्लब तो काढून देतात. त्यासाठी किमान चोपन्न होलचे, म्हणजे अठराच्या तीन फेऱ्यांचे, सहीनिशी स्कोअर लागतात. मे मध्ये जायचं तर हे दिवाळीच्या आत उरका. आणि स्कोअर खरे लिहा. मित्राने 'हा पट सोडून दिला' म्हणून सोडलेला पट (खळग्यात चेंडू घालायचा हलका फटका) तिथं कुणी सोडत नाही.

सरावाचं सांगते, कारण सोलापूरकरांचा इथं फायदा आहे आणि तो कुणी घेत नाही. समुद्रकाठच्या त्या जमिनी वाळूच्या असतात. पाणी झरझर निचरतं, गवत बारीक आणि आखूड, खाली जमीन टणक. चेंडू पडला की थांबत नाही, पळत सुटतो. पुण्यातल्या पाणी पाजलेल्या गवतावर उंच उडवून अलगद टाकायची सवय लागते. ती तिथं गळ्यात येते, कारण उंच गेलेला चेंडू वारा घेऊन जातो. तेव्हा फेब्रुवारी-मार्चमध्ये कुणाच्या तरी शेताकडच्या मुरमाड माळावर जा. जुना आठ नंबरचा आयर्न घ्या (नवा नको, मुरमाने तळ खरवडतो), चेंडू उजव्या पायाच्या जवळ ठेवा, मनगट न मोडता छोटा झोका द्या. चेंडू गुडघ्याएवढाच उठला पाहिजे आणि उरलेलं अंतर टप्पे खात पळाला पाहिजे. तीस पावलांवर टोपी ठेवा आणि तिच्याजवळ थांबवायचा प्रयत्न करा. पहिल्या दिवशी हसू येईल. दुपारी उन्हं कलल्यावर वारं सुटतं तेव्हा गेलात तर उत्तमच. माझे यजमान फौजेत होते, मी निलगिरीतल्या वेलिंग्टनच्या डोंगरात हिरव्यागार उतारावर खेळायला शिकले. जमिनीवरून खेळायचं ते सोलापुरात स्थायिक झाल्यावर माळावरच अंगात मुरलं.

ग्रीनच्या, म्हणजे खळग्याभोवतीच्या आखूड गवताच्या, बाहेर वीस-पंचवीस यार्डांवर असाल तरी सरळ पटर (चेंडू जमिनीवरून ढकलायची काठी) काढा. तिथले कॅडीही तेच सांगतात. आणि कॅडी बोट दाखवेल तिकडेच मारा. ओल्ड कोर्सवर ते बोट बहुतेक वेळा डावीकडे असेल, कारण घोळ सगळा उजवीकडे आहे.

सतराव्या होलबद्दल मात्र आधीच वाचून, बघून जा. त्याला रोड होल म्हणतात. पहिला फटका हॉटेलच्या शेडच्या कोपऱ्यावरून मारायचा, पुढे काय आहे ते दिसत नाही. ग्रीन अरुंद आणि तिरकं. त्याच्या पोटात डावीकडे एक खोल बंकर (वाळूचा खड्डा), आणि मागे रस्ता, रस्त्याला लागून दगडी भिंत. १९७८ च्या ओपनमध्ये जपानचा टॉमी नाकाजिमा दोन फटक्यांत या ग्रीनवर आला होता. पट मारला, तो उतारावरून वळून बंकरमध्ये गेला. बाहेर यायला चार फटके. होल नऊमध्ये संपला. तेव्हा तुमचा आठ झाला तर मान खाली घालू नका, आणि बंकरच्या बाजूने तर अजिबात जाऊ नका.

गुडघ्याचं. ओल्ड कोर्सवर बग्गीत बसून हिंडता येत नाही, अठरा होल म्हणजे आठ-दहा किलोमीटर चाल आहे. वैद्यकीय कारणासाठी काय सोय होते ते ट्रस्टला आधी लेखी विचारा, डॉक्टरांचं पत्र जोडून. नाहीतर त्या मित्राने ट्रस्टच्याच बाल्गोव्ह कोर्सवर खेळावं, नऊच होलचा आहे. उन्हाळ्यात उजेड रात्री दहापर्यंत असतो, म्हणजे तुमची फेरी संपवूनही त्याच्याबरोबर नऊ होल होतात.

मे मधली थंडी हा सोलापूरकराला चेष्टेचा विषय वाटतो. इथं बेचाळीस, तिथं दुपारी पंधरा, आणि वर उत्तर समुद्राचं वारं. लोकरी जाड स्वेटर नका घेऊ, हात फिरत नाहीत. पातळ कपड्यांचे दोन-तीन थर, वर पावसाचा सूट, कानटोपी, ओलं झालं तरी पकड न सोडणारे हातमोजे. छत्री घरी ठेवा. पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं, गॉर्स म्हणतात, मे मध्ये बहरलेली असतात. छान दिसतात. चेंडू आत गेला तर गेला म्हणा.

क्लब (गोल्फच्या काठ्या) न्यायचे तर ड्रायव्हरचं, म्हणजे सर्वांत लांब काठीचं, डोकं काढून मोज्यात गुंडाळा, अंतर मोजायच्या दुर्बिणीची सुटी बॅटरी हातातल्या बॅगेत ठेवा. गुडघेवाल्या मित्राने तिथंच भाड्याने घ्यावेत. एडिनबराहून लूकर्सपर्यंत रेल्वे, तिथून बस. खुद्द सेंट अँड्र्यूजला रेल्वे स्टेशन नाही. ते १९६९ लाच बंद झालं.

शाकाहाराची चिंता नको, विद्यापीठाचं गाव आहे, मिळतं. शेंगाचटणी आणि कडक भाकरी न्या, टिकते आणि खिशातही मावते. पण तूप, पेढे, खवा घेऊ नका, भारतातून दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत.

उरलेल्या दिवसांत पोर्टरश. एडिनबराहून बेलफास्टला विमान, पुढे तासाभराचा गाडीरस्ता. १९५१ नंतर ओपन तिथं परतलं ते थेट २०१९ ला, मग २०२५ ला पुन्हा. तिथली वेळ मात्र सोडतीवर सोडता येत नाही, ती आधी पक्की करा आणि बाकीचा प्रवास तिच्याभोवती लावा. आणि दिवस कमी पडले तर पोर्टरश सोडा, सेंट अँड्र्यूजच्या रात्री तोडू नका.

प्रश्न : ताई, यांनी पत्र पाकिटात घालून पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून ही चिठ्ठी आत सरकवते. हे चौघे दिवसभर चेंडूमागे. आम्ही चौघींनी काय हॉटेलच्या खिडकीत बसायचं?
— त्यांच्याच सौ.

उत्तर : बरं केलंत चिठ्ठी टाकलीत. तुमच्यासाठी तिथं हिमालय आहे. खरंच, 'हिमालयाज' हेच नाव आहे. ओल्ड कोर्सच्या अगदी शेजारी, टेकाडं आणि खळगे असलेलं नुसतं पटिंगचं मैदान. सेंट अँड्र्यूजच्या लेडीज पटिंग क्लबचं, १८६७ पासूनचं. त्या काळी बायकांनी खांद्याच्या वर हात उचलून फटका मारणं शोभत नाही असं पुरुषांना वाटे, म्हणून त्यांना हा तुकडा मिळाला. आज उन्हाळ्यात थोड्या पौंडांत कुणालाही खेळता येतं, पटर तिथंच मिळतो. आधीपासून खेळता येत असलं पाहिजे असं नाही. गंमत अशी की चेंडू टेकाडावरून कुठे वळेल हे नवख्या बाईला जितकं कळतं तितकंच तुमच्या ह्यांना. एक दुपार चौघांना बोलवा आणि पैज लावा. (गावातल्या रॉयल अँड एन्शंट क्लबने बायकांना सभासद करून घ्यायला २०१४ उजाडलं. तेही त्यांना बोलता बोलता सांगा.)

रविवार तुमचा. ओल्ड कोर्सवर त्या दिवशी खेळ नसतो, गावातले लोक कुत्री घेऊन फिरतात, पोरं पळतात. तिथल्या ज्या जुन्या दगडी स्विल्कन पुलावर फोटो काढायला ह्यांना सोडत लागावी लागते, त्याच्यावर तुम्ही फुकट उभ्या राहाल. बाकी वेस्ट सँड्सचा लांबलचक किनारा, समुद्रावरचा पडका किल्ला आणि कॅथेड्रलचे अवशेष सगळे चालत जाण्यासारखे. बूट चांगले घ्या, साडीखाली चालतील असे. आणि त्या आठ रात्रींसाठी हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेलं घर घ्यायचं का, हे आधी तुम्ही चौघी ठरवा. पुरुषांवर सोडलंत तर घर येईल आणि स्वयंपाकही तुमच्याच गळ्यात येईल.

प्रश्न : पौंडांचं आपलं काही जमणार नाही. नुकताच खेळायला शिकलोय. सोलापूरहून रेल्वेने जाऊन समुद्राजवळ गोल्फ खेळता येईल असं काही?
— एक तरुण वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : विशाखापट्टणम. कोणार्क एक्स्प्रेस सोलापूरहूनच जाते, गाडी बदलायची नाही. तिथला ईस्ट पॉइंट गोल्फ क्लब समुद्राजवळ आहे, वारा भरपूर. घरी तेलुगू बोलत असाल तर कॅडीशी गट्टी जमेल, आणि नवख्याला कोर्स कळतो तो कॅडीकडूनच. गोव्यात काणकोणला राजबागच्या किनाऱ्यालगत एका रिसॉर्टचा नऊ होलचा कोर्स आहे. दोन्हीकडे निघण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचारा : बाहेरच्याला कोणत्या दिवशी खेळू देतात, हँडिकॅप नसला तर चालतं का, आणि भाड्याने क्लब मिळतात का. डावखुरे असाल तर तेही सांगा, डावखुऱ्यांचा संच बऱ्याच ठिकाणी नसतो.