ईएसआर उतरला, ताप मात्र हटेना

प्रश्न : माझ्या ३४ वर्षांच्या भावाला अ‍ॅडल्ट-ऑनसेट स्टिल्स डिसीज (प्रौढपणी होणारा, ताप आणि सांधेदुखीचा दाहक आजार) असल्याचं निदान नागपुरात झालं. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड चालू आहे. पूर्वी ताप संध्याकाळी चढून सकाळी उतरायचा; आठवड्यापासून दिवसभर राहतो. पण ईएसआर (शरीरातला दाह दाखवणारी रक्तचाचणी) ११० वरून २२ वर आला, प्लेटलेट ५.२ लाखांवरून १.६ लाखांवर, म्हणजे नॉर्मल. गावातले डॉक्टर म्हणतात, सुधारणा आहे. सोयाबीनची सवंगणी आटोपली की नागपूरला दाखवू, असं भाऊ म्हणतो. चालेल का?
– एक वाचक, आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : नाही चालणार. आजच निघा.

ताप हटत नसताना ईएसआर असा पडला तर आधी शंका घ्यायची ती मॅक्रोफेज अ‍ॅक्टिव्हेशन सिंड्रोमची. स्टिल्समधली ही सगळ्यात घातक गुंतागुंत. यात भक्षक पेशी बेलगाम होऊन स्वतःच्याच रक्तपेशी गिळतात आणि रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन घटत जातं. ईएसआर तपासताना नळीत तांबड्या पेशींच्या चळती लावून त्यांना भराभर खाली बसवतं ते मुख्यतः हेच प्रथिन. ते घटलं की आजार भडकलेला असूनही ईएसआर उतरतो. प्लेटलेटचंही तसंच. स्टिल्स जोरात असताना त्या बऱ्याचदा वाढलेल्या असतात, १.६ लाख या आकड्यासमोर लॅब धोक्याची खूण करणार नाही, पण ५.२ वरून ही मोठी घसरण आहे. म्हणून जुने रिपोर्ट तारखेवार लावून सोबत न्या.

सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन), एसजीओटी-एसजीपीटी (यकृताची तपासणी), ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), फायब्रिनोजेन, पीटी-आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) एकाच दिवशी व्हायला हवेत. फेरिटिन स्टिल्समध्ये एरवीही वाढतं. दहा हजारांपुढे गेलं तर संशय बळावतो. नमुना बाहेरगावी पाठवून वाट पाहण्यापेक्षा रुग्णच सेवाग्रामला किंवा नागपूर मेडिकलला हलवा.

सवंगणीच्या दिवसांत स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप) आणि डेंगी विसरू नका. दोन्हींत प्लेटलेट पडतात, आणि दोन्ही ही गुंतागुंत पेटवूही शकतात. काखेत, जांघेत, करदोड्याखाली स्क्रब टायफसची काळी खपली दिसते का ते पाहा आणि डॉक्टरांना दाखवा.

प्रेडनिसोलोन स्वतःहून बंद करू नका. ठणका थांबावा म्हणून डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन तर नकोच. यकृताला इजा आणि रक्तस्राव, दोन्हींचा धोका वाढतो. हिरड्यांतून रक्त, जांभळे ठिपके, कावीळ, धाप किंवा गुंगी, यांतलं एकही दिसलं तर १०८ बोलवा.

भावाला सिकलसेल (तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होणारा आनुवंशिक आजार) असेल तर तेही सांगा. त्यात ईएसआर मुळातच कमी येतो, आणि जास्त डोसच्या स्टिरॉइडने सिकलसेलचा झटका येऊ शकतो.