चित्रकार आणि संगीतकारांच्या कामात अध्यात्म खरंच असतं, की समीक्षक ते मागाहून चिकटवतात?

तुम्ही विचारलंय की चित्रात देव नाही, गाण्यात भजनाचे शब्द नाहीत, तरी एखाद्या कलाकृतीला ‘आध्यात्मिक’ म्हणतात ते कशाच्या जोरावर? आणि त्यात कलाकाराचं किती, कॅटलॉग लिहिणाऱ्याचं किती? शंका रास्त आहे. चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचं एक चित्र 2021 साली लिलावात जवळपास 40 कोटींना गेलं. एवढ्या रकमा समोर असताना ‘झेन’, ‘ध्यान’, ‘मौन’ हे शब्द विक्रीलाही उपयोगी पडतात, हे मान्य करायलाच हवं.

तरीही माझं उत्तर ‘असतं’ असंच आहे. फक्त ते कलाकाराच्या मुलाखतीत किंवा चित्राच्या विषयात शोधायला जाऊ नये. त्याने आपल्या कामाच्या रीतीत काय बदललं, हातात असलेली कोणती सोय सोडून दिली, तिथे बघावं. मी तबल्याचा विद्यार्थी आहे, त्यामुळे मला सगळ्यात आधी लयीचं उदाहरण सुचतं. ते आहे एका फ्रेंच संगीतकाराचं.

ऑलिव्हिए मेसियाँ हा श्रद्धाळू कॅथलिक. पॅरिसच्या त्रिनिते चर्चमध्ये तो साठ वर्षं ऑर्गन वाजवत होता. दुसऱ्या महायुद्धात तो जर्मनांच्या हाती सापडला आणि गोर्लिट्झच्या युद्धकैद्यांच्या छावणीत पोहोचला. तिथे एक क्लॅरिनेटवाला, एक व्हायोलिनवाला, एक चेलोवाला आणि पियानोवर स्वतः, एवढ्या चौघांसाठी त्याने आठ भागांची एक रचना बांधली. कार्ल-आल्बर्ट ब्र्यूल नावाच्या एका जर्मन पहारेकऱ्याने त्याला कागद-पेन्सिली मिळवून दिल्या. 15 जानेवारी 1941 रोजी, ऐन थंडीत, कैद्यांसमोर आणि जर्मन अधिकाऱ्यांसमोर ती पहिल्यांदा वाजली. रचनेचं नाव ‘काळाच्या अंतासाठी चौकडी’. बायबलच्या शेवटच्या ग्रंथात एक देवदूत ‘आता काळ उरणार नाही’ असं जाहीर करतो, त्यावरून ते घेतलं आहे.

इथपर्यंत ही नुसती हृद्य कथा आहे, आणि कथेवर मी भिस्त ठेवत नाही. मेसियाँ स्वतः सांगे की ऐकायला पाच हजार कैदी होते आणि चेलोला तीनच तारा होत्या. चेलो वाजवणाऱ्या पास्कियेने पुढे सांगितलं की तारा चार होत्या, आणि श्रोतेही काहीशेच होते. म्हणून कथा बाजूला ठेवू आणि पहिल्या भागात लयीचं काय केलंय ते बघू.

पियानोकडे 17 कालमूल्यांचा, म्हणजे लहान-मोठ्या लांबीच्या 17 ठोक्यांचा, एक लयबंध आहे, तो संपला की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. त्याच वेळी त्याच पियानोत 29 कॉर्डची (एकाच वेळी वाजणाऱ्या सुरांच्या जुड्यांची) एक साखळी फिरते आहे. 17 आणि 29 दोन्ही मूळ संख्या. त्यामुळे लयबंध पहिल्यांदा संपतो तेव्हा साखळी मधेच असते, पुढच्या वेळी आणखी कुठेतरी. आपल्या भाषेत सांगायचं तर ही दोन आवर्तनं एकत्र समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, यायला 493 कॉर्ड वाजावे लागतील. तो भाग दोन-तीन मिनिटांत, त्याच्या खूप आधीच थांबतो. चेलोचं आणखी निराळं: पाच सुरांची ओळ, पण 15 कालमूल्यांवर. वर क्लॅरिनेट आणि व्हायोलिन ब्लॅकबर्ड आणि नाइटिंगेलची शीळ घालत असतात. आपण एका चाकाचा तुकडा ऐकतो, जे आपल्याआधीही फिरत होतं आणि नंतरही फिरत राहील, असं वाटतं. समेची ओढ हा तबलजीचा प्राण असतो. ती ओढच इथे काढून घेतलीय. काळ संपणं म्हणजे काय, हे सांगायला याहून सरळ मार्ग मला माहीत नाही, आणि तो फक्त लयीने सापडला आहे.

आता मला सगळ्यात थरारक वाटतं ते. ती 17 कालमूल्यं आली कुठून? रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश या तीन देशी तालांतून. शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकर’ या संगीतावरच्या ग्रंथात 120 देशी ताल दिले आहेत, त्यांची यादी मेसियाँला एका फ्रेंच विश्वकोशात सापडली होती. आणि शार्ङ्गदेव कुठला? तेराव्या शतकातला, सिंघण यादवाच्या दरबारातला, देवगिरीचा. म्हणजे आपल्या दौलताबादचा. देवगिरीत नोंदलेले ताल सातशे वर्षांनी नाझींच्या छावणीत वाजले! विश्वकोशातल्या त्या यादीत द्रुत, लघु, गुरु, प्लुत अशी आखूड-लांब कालमापंच होती. त्या तुटपुंज्या ऐवजातून त्याने हवं ते बरोबर उचललं. ढेंकी नावाचा गुरु-लघु-गुरु असा ताल त्याला विशेष प्रिय होता, कारण तो उलटा वाचला तरी तसाच राहतो. पुढून मागे आणि मागून पुढे एकच, म्हणजे ज्याला आधी आणि नंतर नाही अशी लय. त्याला तेच शोधायचं होतं.

तुमच्या शंकेला बळ देणारी एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. याच रचनेचा पाचवा भाग, चेलो आणि पियानोचा, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणतो. त्याची मूळ धून 1937 च्या पॅरिस प्रदर्शनात नदीवरच्या कारंज्यांच्या आणि रोषणाईच्या खेळासाठी लिहिलेली होती, ओंद मार्तेनो या विजेच्या वाद्यांवर. मग ती कारंज्याची की ख्रिस्ताच्या अनंतत्वाची? मला वाटतं, सूर तेच असले तरी काम वेगळं झालं. छावणीत त्याने ती चेलोच्या गजावर ठेवली, वर ‘अनंत संथ’ अशी सूचना लिहिली, आणि पियानोला सारख्या ठोक्यांवर नुसते कॉर्ड दिले. एवढ्या विलंबित लयीत गज न तुटता ओढायला वादकाला स्वतःचा श्वास सांभाळावा लागतो. आपल्याकडे विलंबित ख्याल गाणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागणार नाही.

आता गायतोंडे. जन्म 1924, नागपूरचा, घराणं गोव्याचं, वाढले गिरगावच्या चाळीत, शिकले जे. जे. मध्ये. रमण महर्षी, जे. कृष्णमूर्ती, झेन, निसर्गदत्त महाराज हे सगळे त्यांच्या आस्थेचे विषय. पण ही नावं कुणीही घेऊ शकतो. त्यांनी केलं काय, तर ब्रश बराचसा बाजूला ठेवला. रोलर, पॅलेट नाइफ, वर्तमानपत्राचे आणि मासिकांचे फाडलेले कागद. रंग चढवायचा, कागद दाबून थोडा उचलून घ्यायचा, परत पातळ थर द्यायचा. हाताचा फराटा, ज्याच्यावरून चित्रकार ओळखू येतो, तोच पुसत नेला. वर्षाला जेमतेम पाच-सहा कॅनव्हास होत, बाकीचा वेळ बसून राहण्यात आणि बघण्यात जाई. ते सांगत की सगळं मौनातून सुरू होतं, ब्रशच्या, कॅनव्हासच्या, सुरीच्या मौनातून. हे वाक्य मला खरं वाटतं, कारण चित्राचा पृष्ठभाग त्याची साक्ष देतो. उतावळ्या माणसाला तो थर जमणार नाही.

त्याच 1924 साली, बेळगावजवळ, कुमार गंधर्वांचा जन्म. क्षयामुळे 1948 मध्ये देवासला गेले आणि काही वर्षं गाणं बंद. अंथरुणावर पडून माळव्याची लोकगीतं ऐकली, नाथपंथी जोग्यांची पदं ऐकली. पुढे जे निर्गुणी भजन आलं त्यात शब्द कबीराचे आहेत, हे खरं. तरी माझ्या मते गाभा शब्दांत नाही, आवाजाच्या फेकीत आहे. सूर टाकतात आणि तिथेच सोडून देतात. त्याला मींडेने, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत नेऊन, गोंजारत नाहीत, तानेने सजवत नाहीत. मधली रिकामी जागा गाण्याचा भाग होते. सगुण भक्तिगीतात ते असं गात नाहीत, हे दोन्ही लागोपाठ ऐकलंत की कळेल. इतका नेमका फरक करणारा माणूस मनात आलं म्हणून गात नसतो.

याउलट रशियाचा संगीतकार स्क्रियाबिन. हिमालयाच्या पायथ्याशी सात दिवस चालेल आणि त्याच्या शेवटी जगच पालटेल, अशा एका महारचनेची त्याने घोषणा केली. 1915 मध्ये तो गेला आणि ती अपुरी राहिली. मला त्याचे शेवटचे पियानो सोनाटा फार आवडतात, त्या योजनेची थोरवी मात्र कधी जाणवली नाही. स्वीडनच्या हिल्मा आफ क्लिंटने 1906 ते 1915 मध्ये मंदिरासाठी म्हणून 193 चित्रं केली आणि आपल्याला अदृश्य शक्तींची आज्ञा होते असं सांगितलं. तिच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. पण चित्र पाहताना मी त्या आज्ञा विसरतो, आणि तिने भौमितिक आकारांतून जो समतोल साधलाय तोच माझ्याशी बोलतो.

तुम्हाला स्वतः तपासायचं असेल तर मेसियाँचा पहिला भाग आधी लावा, टाळी देऊन सम शोधायचा प्रयत्न करा आणि ती का सापडत नाही ते बघा. मग पाचवा भाग ऐका. गायतोंडे मात्र मोबाइलवर पाहू नका, फोटोत ते थर सपाट होतात. मुंबईत असाल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या जहांगीर निकल्सन संग्रहात त्यांची चित्रं आहेत. प्रदर्शनं बदलत असतात, म्हणून सध्या भिंतीवर काय आहे ते आधी विचारून जा, आणि एकाच चित्रासमोर निदान दहा मिनिटं उभे राहा.