पंख्याकडे बघून फिरणारं मनगट

ताई, माझा मुलगा 14 महिन्यांचा आहे. नऊ महिन्यांचा झाल्यापासून मी त्याला बाळांच्या खुणा, म्हणजे बोलता येण्याआधी हवं ते हातांनी सांगायच्या खुणा, शिकवतेय. एका अमेरिकन चॅनेलवरून 24 खुणांचा तक्ता उतरवून फ्रिजवर लावलाय, रोज संध्याकाळी अर्धा तास त्याला कार्डं घेऊन बसवते. पाच महिन्यांत त्याने ‘आणखी’ची खूण जेमतेम दोनदा केली. सासूबाई येताजाता म्हणतात, हातवारे शिकवून पोराला मुकं करशील. नवरा म्हणतो, तुमचं तुम्ही बघा. सासूबाईंना कसं समजावू? (शिकवताना त्याचं लक्ष नसतंच. छताकडे बघून मनगट गरागरा फिरवत बसतो. मी हात धरून खाली करते. सासूबाई मात्र लगेच उठून पंखा लावतात, मग हा त्यांच्याकडे बघून हसतो आणि थांबतो. असं लाडावून ठेवल्यावर काय शिकणार?)
— दमलेली आई, पुणे

अगं, ते कंसात कशाला टाकलंस? तुझं सगळं पत्र त्या कंसात आहे.

मुलगा छताकडे बघतो, मनगट फिरवतो, पंखा सुरू झाला की थांबतो आणि ज्याने लावला त्याच्याकडे बघून हसतो. हा चाळा नव्हे. तो ‘पंखा’ म्हणतोय. हा शब्द तुझ्या तक्त्यात नव्हता, त्याला कुणी शिकवला नाही, पाती फिरताना बघून त्याचा त्याने घडवला. आणि जी बाई पाच महिने खुणा शिकवायला बसलीय, तीच तो खूण करायला लागला की त्याचे हात धरून खाली करते. बोलायला लागलेल्या मुलाच्या तोंडावर हात ठेवण्यातलाच हा प्रकार. वाचून राग आला मला, लपवत नाही.

या खुणांच्या खटपटीची सुरुवात कशी झाली ते ऐक. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या मानसशास्त्रज्ञ लिंडा अ‍ॅक्रेडोलो यांची मुलगी वर्षाची असताना फूल दिसलं की नाकाने हुंगल्यासारखं करायची. डॉक्टरांकडे काचेच्या पेटीतले मासे दिसले, तर फुंकर मारायला लागली. आईला कळेना, माशांना फुंकर कशाला? घरी गेल्यावर उलगडा झाला. पाळण्यावर माशांचं झुंबर टांगलेलं होतं आणि झोपवताना ते हलावं म्हणून आई रोज फुंकर मारायची. मुलीच्या लेखी फुंकर म्हणजे मासा. मग सुझन गुडविन यांना सोबत घेऊन 1980 च्या दशकात त्यांनी अशा खुणांचा रीतसर अभ्यास सुरू केला. म्हणजे मुळात लेकीने आईला शिकवलं होतं. तुझ्याकडेही तेच चाललंय, फक्त तू कार्डं लावण्यात गुंतलीयस.

सासूबाईंचं ‘मुकं करशील’ चूक आहे, ते आधी मिटवून टाकू. ब्रिटनमध्ये 40 माय-लेकरांना बाळ 8 महिन्यांचं असल्यापासून 20 महिन्यांचं होईपर्यंत तपासलं गेलं, तो अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. खुणा शिकवलेली मुलं बोलण्यात मागे पडली नाहीत. पण पुढेही गेली नाहीत, हे तुझ्या चॅनेलवाल्यांना सांग. फरक दिसला तो आयांमध्ये. मूल न बोलता जे सांगत असतं ते त्यांना जास्त कळायला लागलं, त्या त्याला जास्त उत्तरं द्यायला लागल्या. आता तुझ्या घरात बघ. हे कुणाला जमलंय? ज्या उठून पंखा लावतात त्यांना. तू ज्यांना समजवायला निघालीस, त्या तुझ्या घरातल्या एकमेव तयार शिक्षिका आहेत. ‘टाटा’ त्याला कुणी शिकवलं असेल? ‘बाप्पाला जय’ म्हटल्यावर हात जोडायला? ‘चांदोबा ये ये’? त्या खुणाच आहेत, फक्त त्यांना इंग्रजी नाव नाही.

एक शंका मात्र आधी फेडून घे, कारण गरागरा हात फिरवणं हे दर वेळी बोलणंच असतं असं नाही. तो पंख्याकडे बघून झाल्यावर माणसाच्या तोंडाकडे बघतो, हवं ते मिळालं की थांबतो, हसतो. तुझ्याच पत्रात आलंय, आणि त्यावरूनच मी इतकं ठामपणे लिहितेय. कुणाकडे न बघता, पंखा चालू असो वा बंद, तासन्‌तास तेच चाललं असतं, हाकेला वळत नसता, बोट दाखवून काही मागत किंवा दाखवत नसता, तर मी तुला थेट बालरोगतज्ज्ञांकडे धाडलं असतं. हाकेचं तू काहीच लिहिलेलं नाहीस. पंखा बंद करून, तो खेळात असताना त्याच्या मागे उभी राहून हलक्या आवाजात हाक मार. वेगवेगळ्या दिवशी तीन-चारदा करून बघ. जमिनीवर पाय आपटू नकोस, मुलं हादऱ्यानेही वळतात. वळत नसेल तर कानाची तपासणी करायची: आधी ओएई, म्हणजे कान आतून आवाजाला प्रतिसाद देतो का ते बघणं, आणि गरज पडली तर बेरा, म्हणजे आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणं. दोन्हींत दुखत नाही, बेराला बाळ झोपलेलं लागतं. आणि 16 महिन्यांपर्यंत ‘मम्मम’, ‘काऊ’ असाही एखादा शब्द आला नाही, तर खुणा येताहेत म्हणून थांबून राहू नकोस. खुणा करणाऱ्या मुलालाही तोच नियम.

आता काय करायचं ते. एकच गोष्ट. आज तक्ता काढ, कार्डं कपाटात टाक आणि पुढचे पंधरा दिवस फक्त पंखा. त्याने मनगट फिरवलं की हातातलं सोडून त्याच्यासमोर ये, त्याच्या डोळ्यांच्या पातळीला बस, तूही मनगट फिरव आणि मोठ्याने म्हण, “पंखा! पंखा हवा?” मग लाव. पंखा फिरायला लागला की वर बोट दाखवून पुन्हा एकदा, “पंखा फिरला.” शब्द आणि खूण एकाच वेळी, मुक्याने खूण करायची नाही. दर वेळी उत्तर द्यायचं, दिवसातून वीस वेळा का होईना. वीज बिलाची काळजी नवऱ्याने करावी, नाही तरी तो ‘तुमचं तुम्ही बघा’ म्हणून मोकळा झालाय.

पंधरा दिवसांनी दुसरी खूण. कुठली, ते तक्त्याला नको, सासूबाईंना विचार: हा काय मागताना काय करतो? त्या पाच मिनिटांत चार गोष्टी सांगतील.

कार्डं का चालली नाहीत, तेही सांगते. कार्डावरच्या दुधाने पोट भरत नाही. या वयात खूण चिकटते ती हव्या असलेल्या वस्तूला, ती वस्तू समोर असताना. पंख्याचे पंधरा दिवस झाले की तुझं ‘आणखी’ घे. संध्याकाळी कार्डावर दाखवू नकोस, दुपारी वरणभात भरवताना दाखव. त्याला मांडीवर घेऊन भरवतेस का? मग त्याला तुझे हात दिसतच नाहीत. समोर बसव. दोन-तीन घास झाले की चमचा तुझ्या गालाजवळ धरून थांब, म्हणजे तो चमच्याकडे बघताना तुझं तोंडही बघेल. चमचा ताटलीत ठेव, दोन्ही हातांची बोटं चोचीसारखी जुळवून एकमेकांवर टेकव, “आणखी? आणखी भात?” मनात सावकाश पाचपर्यंत मोज. आणि मग त्याने काहीही केलं, न केलं तरी घास दे. इथेच बहुतेक घरांत घोटाळा होतो. ‘खूण कर, मग देते’ म्हणून घास अडवला, की जेवण ही परीक्षा होते, मूल रडतं आणि खुणेशी त्याचं वाकडं येतं.

त्याने तुझ्यासारखी चोच करावी अशी अपेक्षा ठेवू नकोस. 14 महिन्यांच्या बोटांना ते अवघड असतं. त्याचं ‘आणखी’ टाळीसारखं दिसेल, किंवा एका हाताचं बोट दुसऱ्या तळव्यात खुपसल्यासारखं. पाच महिन्यांत दोनदाच केलं म्हणतेस. जेवताना टाळ्या किती वाजवतो ते उद्या मोज. दुरुस्त करू नकोस, हात तर अजिबात धरू नकोस. तू तुझी नीट करत राहा, त्याची आपोआप सुधारते.

एका वेळी तीन-चार खुणा पुष्कळ झाल्या, आणि त्या घरातल्या सगळ्यांच्या सारख्या हव्यात. तू ‘संपलं’ला तळवे उलटेपालटे करणार आणि आजी हात झटकणार, तर त्याने कुणाचं घ्यायचं? आजीचं ठेव. तुझी अमेरिकन खूण काही जास्त शुद्ध नाही. गंमत म्हणजे त्या तक्त्यातली दुधाची खूण, मूठ आवळायची आणि सोडायची, ही धार काढण्यावरून आलीय. सासूबाईंना न सांगता कळेल.

आणि याला ‘साइन लँग्वेज शिकवतेय’ म्हणू नकोस. 24 खुणा म्हणजे भाषा नव्हे. भारतीय सांकेतिक भाषा ही स्वतःचं व्याकरण असलेली पुरी भाषा आहे, बहिऱ्या माणसांची आहे, आणि अमेरिकन सांकेतिक भाषेहून वेगळी आहे. तुमच्या नात्यागोत्यात कुणी बहिरं असेल, तर खुणा त्यांच्याकडूनच शिक. नसेल आणि तरी हौस असेल, तर दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा 10,000 शब्दांचा कोश फुकट बघता येतो.

राहता राहिलं लाइट जाण्याचं. तो मनगट फिरवेल आणि पंखा लागणार नाही. तेव्हा ‘गप बस’ नको, तेव्हाही उत्तर दे: मनगट फिरव, “पंखा”, मग दोन्ही तळवे रिकामे दाखव, “गेला. लाइट गेली.” दर वेळी तसंच. चार-सहा महिन्यांनी कधीतरी तो छताकडे बघेल, मनगट फिरवेल आणि लगेच रिकामे तळवे दाखवेल. दोन शब्द जोडून केलेलं त्याचं पहिलं वाक्य असेल ते. त्या दिवशी मला पत्र टाक, आणि या वेळी कंसात नको.