वड्याचं तेल, आप्पांची बशी

प्रिय मावशी,

मी 43 वर्षांची. डोंबिवलीत राहते, फोर्टला एका विमा कंपनीत नोकरी करते. हल्ली मला माणसंच सहन होत नाहीत. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये बायका फोनचा आवाज मोठा करून रील्स बघतात. बँकेत आपण रांगेत, आणि कुणीतरी ‘फक्त एकच विचारायचंय’ म्हणत थेट खिडकीशी. शेजाऱ्यांनी आमच्या दाराशी चपलांचं दुकान मांडलंय. वरच्या मजल्यावर रात्री साडेअकराला खुर्च्या सरकतात. लिफ्टमध्ये दोनदा सूचना चिकटवली, सोसायटीच्या ग्रुपवरही टाकली, फरक शून्य. ऑफिसात शेजारची बाई दिवसभर पेनचं बटण टकटक करते. घरी यावं तर सासऱ्यांचा टीव्ही ठणाणा. आतेसासूबाई भेटल्या की ‘जाड झालीस गं!’ मी कुणाला काही बोलत नाही, भांडायचा माझा स्वभावच नाही. फक्त गेल्या महिन्यात एकदा आप्पांना (सासरे, वय 75, कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, संपानंतर वॉचमनकी केली) म्हटलं, चहा पिताना एवढा आवाज केलाच पाहिजे का? ते बशीत ओतून फुरके मारतात. तेव्हापासून ते मगातून पितात, गॅलरीत जाऊन. असो. मी चिडकी झालेय, की लोकच असे झालेत?

— वैतागलेली, डोंबिवली

प्रिय वैतागलेली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसत हसत, कारण त्यातल्या निम्म्या गोष्टींवर मीही दात-ओठ खाते. दुसऱ्यांदा त्या ‘असो’पाशी अडकले.

मोजून बघ. रीलवाली, रांग मोडणारा, चपलावाले, खुर्चीवाले, पेनवाली, आतेसासूबाई. सहा जण. यातल्या एकालाही तू तोंडावर काही बोलली नाहीस. बोललीस ते सातव्याला, जो उलटून बोलणार नाही याची तुला मनातून खात्री होती. आपल्याकडे याला वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात. तू आठ ओळींत वड्यांचं वर्णन केलंयस आणि वांगं कंसात टाकलंयस.

रागावू नकोस. मीही हे केलेलं आहे. नोकरीत असताना एकदा कल्याणहून येताना समोरच्या मुलीच्या फोनवर एकच गाणं पुन्हा पुन्हा वाजत होतं. मी ठाण्यापर्यंत गप्प. मुलुंड गेलं, गप्प. घाटकोपरला अशी काही कडाडले की अख्खा डबा माझ्याकडे बघायला लागला. त्या मुलीला कळेचना, की पाऊण तास काही न बोललेली बाई अचानक का पिसाळली. तिच्या हिशेबात माझा राग त्या क्षणाला सुरू झाला होता. माझ्या हिशेबात तो कल्याणपासून साठत आला होता. घरी जाऊन मी पोरांवर ओरडले ते वेगळंच.

म्हणून लोकलमधल्या बाईला सांगायचं तर पहिल्या दोन मिनिटांत सांग, राग यायच्या आधी. ‘ताई, आवाज जरा कमी करता? डोकं दुखतंय.’ डोकं दुखत नसलं तरी चालेल, एवढं खोटं लेडीज डब्यात खपतं. दहातल्या सात-आठ जणी ‘अय्या, सॉरी’ म्हणून आवाज कमी करतात. बाकीच्या दोघी-तिघी करत नाहीत, त्यांच्यासाठी कापसाचे बोळे. मटार सोलणाऱ्या, भजनं म्हणणाऱ्या, वाढदिवसाचा केक कापणाऱ्या बायकांनी भरलेला डबा आहे तो. तिथे वाचनालयाची शांतता मागू नये, पण फोनचा आवाज कमी करायला सांगता येतं.

आता तुझ्या सूचनांबद्दल. पुण्याने या विषयात फार मोठं काम करून ठेवलंय, प्रत्येक फाटकावर एक पाटी. वाचायला मजा येते, मी फोटोही काढते. पण पाटीचा एक जन्मजात दोष आहे. जो गुन्हेगार आहे त्याला ती शेजाऱ्यासाठी लावलीय असंच वाटतं. सोसायटीच्या ग्रुपवर ‘काही सभासद रात्री आवाज करतात’ असं टाकलं, की सगळ्यात आधी सहमतीचा अंगठा टाकतात ते वरच्या मजल्यावरचेच काका. तू दोनदा चिकटवलीस, तिसऱ्यांदा चिकटवू नकोस. लिफ्टचा रंग जाईल.

वर जा. रविवारी सकाळी, हातात काहीतरी घेऊन. कोथिंबीर वडी कर किंवा विकत आण, मला फरक पडत नाही, त्यांनाही पडणार नाही. बरोबर खुर्चीच्या पायांना लावायची रबरी टोपणं ने. हार्डवेअरच्या दुकानात वेगवेगळ्या मापांची मिळतात. ‘आमच्या छतातून फार आवाज येतो हो, मी आमच्या खुर्च्यांना लावली, तुमच्यासाठीही आणली.’ बहुतेकांना ठाऊकच नसतं, की त्यांची फरशी म्हणजे आपलं छत आहे. कायद्याचं म्हणशील, तर 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्र धरलीय आणि रहिवासी भागासाठी 45 डेसिबलची मर्यादा आहे. पण खुर्ची सरकली म्हणून कुणी चौकी गाठत नाही आणि गाठूही नये. तो नियम गणपतीच्या भिंतींसाठी राखून ठेव. (स्पीकरच्या भिंती म्हणतेय मी.)

चपलांच्या बाबतीत मात्र ‘वास येतो’ म्हणायला जाऊ नकोस. वासावर वाद होतो, त्यांना त्यांच्या चपलांचा येत नसतो. सेक्रेटरीला सांग की पॅसेज आणि जिना ही आग लागली तर बाहेर पडायची वाट आहे, ती मोकळीच हवी, आणि मजल्यावरच्या सगळ्यांना एकदम सांगा. सगळ्यांना म्हणजे तुम्हालाही. तुमच्या दाराबाहेर छत्र्यांची बादली असेल तर आधी ती आत घे.

रांगेतल्या माणसाला ‘दादा, मलाही एकच विचारायचंय, म्हणूनच उभी आहे’ एवढं पुरतं. आतेसासूबाईंना उत्तर देऊ नकोस. त्यांच्या पिढीत ती ‘कशी आहेस’ची एक तऱ्हा होती, आणि तू सुधारायला गेलीस तर त्या वजन सोडून तुझ्या केसांवर येतील.

झालं. आता खरा विषय.

आप्पा साच्यावर होते, हे तू सहज लिहून गेलीस. मला तिथे एकदम उजेड पडला. मागखात्यात एका छताखाली शेकडो साचे एकदम चालायचे. माणसं एकमेकांशी खुणांनी आणि ओठ वाचून बोलायची. अशा खात्यात आवाज 90-100 डेसिबलच्या घरात असतो, आणि त्यात रोज आठ तास, वर्षानुवर्षं काढली की कानाच्या आतल्या बारीक पेशी मरतात. त्या परत येत नाहीत. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा आप्पा बत्तिशीच्या आसपास असतील, म्हणजे ऐन तारुण्याची दहा-बारा वर्षं त्या खडखडाटात गेली. अशी श्रवणहानी सुरू होते ती वरच्या पट्टीपासून, साधारण 4,000 हर्ट्झच्या आसपास. म्हणजे आधी जातात ते बारीक आवाज: शिट्टी, कुजबुज, स आणि फ, कुकरची सुरुवातीची सुस्सं. त्यावर वयाची भर.

फुरका हा नेमका त्याच घरातला आवाज आहे. ओठांच्या फटीतून चहाबरोबर हवा ओढली जाते त्याची सुरसुर. तुला जो आवाज कानात सुई घातल्यासारखा वाटतो, तो आप्पांना ऐकूच येत नसण्याची दाट शक्यता आहे. आणि तुझ्याच पत्रात दुसरा पुरावा आहे, ठणाणा टीव्ही. तू या दोन वेगळ्या कटकटी म्हणून लिहिल्यास. माझ्या मते ती एकच गोष्ट आहे आणि तिला इलाज आहे. कुठल्याही मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात श्रवणचाचणी होते. वांद्र्याला रेक्लमेशनजवळ अली यावर जंग संस्था याच कामासाठी आहे. नवऱ्याला एक दिवस रजा टाकायला सांग. वडील त्याचे आहेत, हे मी मुद्दाम आठवण करून देते, कारण तुझ्या अख्ख्या पत्रात त्याचा एकदाही उल्लेख नाही.

आता बशीचं. बशी हा गावंढळपणा आहे असं तुला कुणी शिकवलं असेल तर ते विसर. उकळता चहा पसरट भांड्यात ओतला की चटकन निवतो, आणि ज्याला सुटीच्या चार मिनिटांत चहा संपवून साच्यावर परतायचं आहे त्याला कपाचा कान धरून गप्पा मारता येत नाहीत. फुरक्यानेही चहा निवतो, शिवाय वास थेट नाकात चढतो. चहाच्या कंपन्यांत पगार घेऊन चहा चाखणारी माणसं असतात. ती चमच्यातून असाच, किंबहुना जास्त मोठा, फुरका मारतात, कारण त्याशिवाय चव नीट कळत नाही. आप्पा ते फुकट करतात एवढंच.

पण तुझी बाजूही आहे, आणि ती मी उडवून लावणार नाही. पेनची टकटक आणि चहाचा फुरका, दोन्हींनी तुझं डोकं सटकतं. काही जणांना ठरावीक बारीक आवाजांनी, विशेषतः खाण्या-पिण्याच्या आणि टकटकीच्या, खरोखरच अंगात तिडीक उठते. छाती धडधडते, उठून जावंसं वाटतं. मार्गारेट आणि पावेल जास्त्रेबॉफ या संशोधक जोडप्याने 2001 च्या सुमारास त्याला मिसोफोनिया हे नाव दिलं. पुढे 2017 मध्ये न्यूकॅसलच्या संशोधकांनी अशा लोकांच्या मेंदूची छायाचित्रं काढली, तेव्हा त्या आवाजांना मेंदूचा भावनांशी जोडलेला एक भाग फाजील जोरात प्रतिसाद देताना दिसला. म्हणजे ही थेरं नाहीत. तुला तेच आहे असं मी पत्रावरून सांगू शकत नाही, मी डॉक्टर नाही. पण लहानपणापासून असं होत असेल, आणि जेवायला सगळ्यांबरोबर बसणं नको वाटत असेल, तर आप्पांच्या चाचणीच्या दिवशी तूही एकदा दाखवून घे. समुपदेशनाचा, वर्तनोपचाराचा काहींना चांगला फायदा होतो. तोवर पहाटेच्या चहाला स्वयंपाकघरात रेडिओ लावून ठेव. मागे दुसरा आवाज असला की फुरका बोथट होतो.

आणखी एक गंमत सांगते. हा त्रास असलेले बरेच जण सांगतात, की तो आवाज आपणही काढला की तिडीक कमी होते. समोरचा कचाकचा चावायला लागला की हेही चावतात. लोकांना वाटतं वेडावतोय, पण तो त्यांचा स्वतःपुरता उपाय असतो.

तेव्हा उद्या सकाळी असं कर. माफीचं भाषण करू नकोस. गिरणीतल्या माणसाला सुनेने हात जोडलेले बघवत नाहीत, आप्पा उठून आत जातील. चहाचा मग बाजूला ठेव. कपाटात वरच्या फळीवर कप-बश्यांचा जुना सेट असेल, पाहुण्यांसाठी म्हणून ठेवलेला. त्यातली कड न उडालेली जोडी काढ. गॅलरीत जा आणि म्हण, ‘आप्पा, मगात चहा निवत नाही, बशी आणलीय.’ जरा मोठ्याने आणि त्यांच्या समोर उभी राहून म्हण, पाठीमागून म्हणालीस तर ऐकू जायचं नाही. ते ‘राहू दे’ म्हणतील. एकदा म्हणतील, दुसऱ्यांदा म्हणणार नाहीत.

येताना स्वतःसाठीही एक बशी आण. ऑफिसचा ड्रेस घालायच्या आधी, गाऊनवरच बस. पहिल्या दिवशी अर्धा चहा मांडीवर सांडतो.

तुझी,
मावशी