नांदूर मध्यमेश्वरला दिसलेला गुलाबी पक्षी फ्लेमिंगोच होता का?

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात चापडगावच्या मनोऱ्यावरून दिसलेला पांढरा पक्षी, शेपटीजवळ गुलाबी झाक, चोच पिवळी; तो फ्लेमिंगोच का, असं तुम्ही विचारलंत. तुम्ही 'पिवळी' लिहिलंत तिथेच उत्तर मिळालं. तो चित्रबलाक, म्हणजे रंगीत करकोचा. वाईट वाटून घेऊ नका. मीही पहिल्या खेपेला निफाडहून परतताना घरच्या ग्रुपवर 'फ्लेमिंगो पाहिले' म्हणून फोटो टाकले होते. मामांनी फोटो मोठा करून विचारलं, "अरे, याची चोच सरळ कशी?"

सगळी गंमत त्या चोचीतच आहे. फ्लेमिंगोची, म्हणजे आपल्या रोहित पक्ष्याची, चोच मधेच खाली मोडल्यासारखी असते आणि टोक काळं. खाताना तो मान खाली घालून डोकं उलटं करतो, म्हणजे वरची चोच खाली येते. जाड जीभ पंपासारखी मागेपुढे करून पाणी आत घ्यायचं, बाहेर टाकायचं. चोचीच्या कडेच्या बारीक चाळणीत शेवाळ आणि बारके जीव अडकतात. गुलाबी रंगही त्याच खाण्यातल्या कॅरोटिनॉइड या रंगद्रव्याचा. पिल्लं राखाडी असतात, रंग चढायला दोन-तीन वर्षं जातात. चित्रबलाकाची खायची रीत वेगळी. तो अर्धवट उघडी चोच पाण्यात फिरवतो आणि मासा लागला की मिटतो.

रोहित नांदूरला येतच नाही असं नाही. काही वर्षी मोजके दिसतात. पण गोदावरी-कादवा संगमावरचं हे धरण गोड्या पाण्याचं, पाणवनस्पती माजलेलं. वारकरी नावाचा काळा पाणपक्षी, जांभळी पाणकोंबडी, बदकं यांची इथे चंगळ. २०२० साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं तेही अशाच पाणपक्ष्यांच्या जोरावर. रोहितला हवा उथळ, उघडा चिखल, शक्यतो खारट. म्हणून हजारोंचे थवे बघायचे तर ठाण्याची खाडी गाठा. वीण तर कच्छच्या रणात: चिखलाचा बुटका ढिगारा, त्यावर एकच अंडं.

आता पुन्हा जाल तेव्हा डिसेंबर-जानेवारीत, उजाडताच जा. ऊन वर आलं की पाणी चकाकतं आणि लांबचा प्रत्येक बगळा गुलाबी वाटायला लागतो.