कोकण किनाऱ्यावर व्हिडिओ: दिवसाची लेन्स एक, रात्रीची एक

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. डिसेंबरात तुम्ही दोघं स्कूटरवरून हर्णै ते वेंगुर्ला बारा दिवस जाणार आहात. सोनीचा झेडव्ही-ई१० हा कॅमेरा किट लेन्ससकट, म्हणजे सोबत मिळणाऱ्या साध्या लेन्ससकट, घेऊन झालाय. आता शिलकीतल्या साठ हजारांत १६ मिमी एफ १.४, ३० मिमी एफ १.४ आणि ७०-३५० या लेन्सांतल्या कुठल्या दोन घ्याव्यात, की आहे ते विकून फुलफ्रेमच, म्हणजे चित्र टिपणारा सेन्सर मोठा असलेला कॅमेरा, घ्यावा? (मिमीचा आकडा लहान तर चौकट रुंद, मोठा तर दूरचं जवळ. एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त.)

फुलफ्रेमचं आधी उरकतो. नको. साठ हजारांत धड बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) येत नाही, लेन्सा जड, आणि स्कूटरच्या डिकीत शेवटी कॅमेरा राहील नाहीतर तुमचे कपडे.

आता लेन्सा. तुमची यादी घरी बसून केलेली दिसते. रागावू नका, मीही अशीच केली होती. गुहागरात लहानाचा मोठा झालो, तरी पहिला बरा कॅमेरा घेतल्यावर पहिल्याच सहलीला तीन लेन्सा घेऊन रत्नागिरीजवळच्या आरे-वारेला गेलो. वरच्या रस्त्यावरून दोन्ही पुळणी एका चौकटीत येतात, म्हणून रुंद लेन्स लावली. मग खाली उतरल्यावर दूरची होडी हवी झाली, म्हणून वाऱ्याकडे पाठ करून लेन्स बदलली. अर्धं मिनिट लागलं असेल. त्यानंतरच्या दोन दिवसांच्या सगळ्या फुटेजमध्ये आभाळात उजवीकडे तीन काळे ठिपके. सेन्सरवर वाळू. पक्षी म्हणून खपवता आले असते, पण ते जागचे हलत नव्हते.

म्हणून किनाऱ्यावर लेन्स निवडताना मी तिची धार किती, हे नंतर बघतो. दिवसभर ती न काढता चालेल का आणि तिच्यात हवा किती शिरते, हे आधी. हवेचं म्हणाल तर झूम करताना ज्या लेन्सची नळी पुढे येते, ती प्रत्येक वेळी भात्यासारखी बाहेरची हवा आत ओढते. आपल्याकडे त्या हवेत मीठही असतं आणि ओलही. तुमच्या १६-५० किट लेन्सची नळी तर कॅमेरा चालू केला की पुढे सरकते आणि बंद केला की आत जाते. त्या फटीत वाळूचा एक कण गेला की करकर सुरू.

माझं मत: सोनीची १८-१०५ एफ ४ जी घ्या, तीही वापरलेली. २०१३ची लेन्स आहे, जुन्या बाजारात सहज मिळते. कॅमेऱ्याच्या जगात ती कोणी मिरवत नाही, स्थिरचित्रांच्या कोपऱ्यांत मऊ आहे. पण झूम आतल्या आत होतो, नळी बाहेर येत नाही. हाताची थरथर चित्रात येऊ न देणारा स्टॅबिलायझर लेन्समध्येच आहे, आणि तुमच्या बॉडीत तो नाही, हे विसरू नका. कॅमेऱ्याचा इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझर आहे म्हणाल, पण तो चौकट चांगलीच कापतो आणि रुंद लेन्सचे पैसे वाया जातात. लेन्स ४२७ ग्रॅम, कॅमेरा बॅटरीसकट ३४३. पाऊण किलोच्या जरा वर सगळं मिळून. फुलफ्रेमच्या भाषेत २७ ते १५७ मिमी. देवळाच्या दीपमाळेपासून ते खडकावर बसलेल्या बगळ्यापर्यंत यात येतं.

उणी बाजूही सांगतो. जवळचं तिला दिसत नाही. रुंद बाजूला ४५ सेंटिमीटर, लांब बाजूला ९५. ताटातली सोलकढी टिपायची तर खोलीवर किट लेन्स लावा, वाळूतली कुर्ली टिपायची तर फोन काढा. आणि एफ ४ रात्री कमी पडतं.

टॅमरॉनची १७-७० एफ २.८ ही दुसरी चांगली निवड. स्टॅबिलायझर आहे, एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड घेते, ओलीपासून थोडं संरक्षणही आहे. पण ५२५ ग्रॅम, नळी बाहेर येते, आणि नवी घेतलीत तर इतर कशाला पैसे उरणार नाहीत. सिग्माची १८-५० एफ २.८ अवघी २९० ग्रॅमची, चित्र सुंदर, पण स्टॅबिलायझर नाही. ट्रायपॉड लावून सावकाश काम करणाऱ्याने ती जरूर घ्यावी. स्कूटर थांबवून, हेल्मेट काढून घाईघाईत शूट करणाऱ्याने नाही.

जुनी लेन्स घेताना एक करा. दोन्ही टोपणं काढा, फोनची टॉर्च मागच्या काचेतून मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. कितीही स्वस्त असली तरी परत द्या. माझ्या एका लेन्समध्ये पावसाळ्यात ही जाळी धरली होती. दुरुस्तीवाल्याने काच उघडून पुसली, बिल घेतलं, आणि पुढच्या पावसाळ्यात जाळी पुन्हा हजर. तिचा लेप बुरशीने कायमचा खाल्लेला होता.

तुमच्या यादीतली ३० मिमी एफ १.४ मात्र घ्या. ती रात्रीची लेन्स. सिंधुदुर्गात डिसेंबर म्हणजे जत्रांचा हंगाम. पालखी फिरून झाली की मध्यरात्रीनंतर दशावतार हे लोकनाट्य उभं राहतं आणि उजाडेपर्यंत चालतं. एफ ४ वरून एफ १.४ वर आलात की आठपट उजेड मिळतो. त्यातल्या संकासुर राक्षसाचा काळा वेश आणि त्याच्यामागचा काळोख वेगळे दिसायला तेवढा लागतोच. मंचावर भलामोठा दिवा असतो आणि राजाच्या मुकुटाची चमक चटकन जळते, म्हणून एक्स्पोजर चेहऱ्यावर ठेवा. नाटक कंपनीच्या मालकाला आधी विचारा, आणि पेटीवाल्याच्या समोर ट्रायपॉड मांडू नका. ही लेन्स संध्याकाळी खोलीवर, दार-खिडकी लावून, पंखा बंद करून चढवायची. सकाळी तशीच उतरवायची.

१६ मिमी सुंदर आहे, पण ४०५ ग्रॅम वजन वर्षातून चार वेळा कामाला येण्यासाठी. ७०-३५० चा मोह मला कळतो. हर्णैला मासळीवर झेपावणाऱ्या घारी, तारकर्लीचे डॉल्फिन. पण हलत्या होडीतून ३५० मिमीवर डॉल्फिन म्हणजे बहुतेक वेळा पाणी, पाणी, होडीची कड आणि पुन्हा पाणी. ते डोळ्यांनी बघा.

उरलेले पैसे फिल्टर, माइक आणि बॅटऱ्यांवर घाला. हे तिन्ही लोक शेवटी घेतात आणि व्हिडिओ तिथेच बिघडतो.

फिल्टर म्हणजे एनडी, लेन्सपुढे लावून उजेड कमी करणारी काळसर काच. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून कॅमेरा PAL या सेटिंगवर ठेवायचा, सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद. नाहीतर देवळातल्या ट्यूबलाइटखाली चित्र लपलपतं. आता भर दुपारच्या उन्हात आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील) १०० आणि शटर १/५० ठेवलंत तर अपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ २२ पर्यंत बारीक करावं लागतं. तिथे चित्र मऊ होतं आणि सेन्सरवरचा प्रत्येक कण दिसतो. एफ ५.६ ला यायचं तर चार स्टॉप उजेड अडवायला हवा, आणि पुळणीवर वाळू-पाण्याची चकाकी धरून पाच. म्हणून दोन ते पाच स्टॉपचा, ७२ मिमीचा व्हेरिएबल (फिरवून कमीजास्त होणारा) एनडी घ्या. अगदी शेवटच्या खुणेपर्यंत फिरवू नका, चित्रावर फुलीसारखी काळी सावली येते. एनडी नसला की शटर १/१०००-१/२००० वर जातं आणि लाट फुटताना तिचे थेंब टाचणीने टोचल्यासारखे तडतडतात. तीच लाट १/५० ला बघा, मग फरक कळेल.

एस-लॉगच्या, म्हणजे नंतर रंग चढवण्यासाठी फिकं चित्र टिपण्याच्या, नादी लागू नका. तुमचा कॅमेरा आठ बिटचा, म्हणजे रंगांच्या छटा मोजक्या, आणि लॉगमध्ये आयएसओ ५०० च्या खाली उतरत नाही. म्हणजे आणखी दोन-सव्वादोन स्टॉपचा एनडी, आणि वर आभाळाच्या निळ्यात पट्टे. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) मात्र हाताने ठरवून कुलूपबंद करा, उन्हात ५६०० केल्विनच्या आसपास. चिऱ्याचं, म्हणजे लाल दगडाचं घर किंवा लाल कातळाचा सडा चौकटीत आला की ऑटो गोंधळतो आणि माणसं निळसर दिसायला लागतात.

माइकचं खरं गणित वाऱ्याचं आहे. पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, दुपारकडे खारा वारा उलटा फिरतो आणि संध्याकाळपर्यंत जोर धरतो. मधे सकाळी काही वेळ वारा पडतो. कोणाशी बोलायचं असेल, खोताच्या बागेत किंवा जाळं विणणाऱ्या तांडेलाशी (होडीच्या म्होरक्याशी), तर ते तेव्हाच. छातीला लावायचा छोटा माइक सदऱ्याच्या आतून लावा, वर केसाळ टोपी. आणि समुद्राची गाज वेगळी टिपून ठेवा, प्रत्येक ठिकाणची किमान मिनिटभर. वेळणेश्वरची गाज आणि तारकर्लीची गाज एक नाही. घरी जोडताना लक्षात येतं.

बॅटरी एनपी-एफडब्ल्यू५०, बारकी आहे. तीन लागतील, वर पॉवर बँक. फोरके व्हिडिओ सेकंदाला १०० मेगाबिटवर तासाला साधारण ४५ जीबी खातं, तेव्हा ६४ जीबीची तीन-चार कार्डं. एकाच मोठ्या कार्डावर बारा दिवस ठेवू नका.

ट्रायपॉड हलकाच न्या, पण एक युक्ती शिकून ठेवा. ओल्या पुळणीवर लाट मागे सरली की पायांखालची वाळू निघून जाते आणि क्षितिज तिरकं होतं. नारळाची तीन सोडणं उचला, कुठल्याही माडाखाली पडलेली असतात, आणि एकेका पायाखाली दाबून बसवा. दाभोळ-धोपावे किंवा तवसाळ-जयगड फेरीवर मात्र ट्रायपॉड नको आणि कोपर कठड्यावरही नको. इंजिनाची थरथर लोखंडातून थेट चित्रात येते. मधोमध उभं राहून गुडघे किंचित वाकवा, तुमचं अंगच गिंबल, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारं यंत्र, होतं. आणि चालत्या गाडीतून बाजूची झाडं टिपू नका. परवडणाऱ्या बहुतेक कॅमेऱ्यांत माड-सुरू सगळे तिरके पळताना दिसतात.

रोज संध्याकाळी पाच मिनिटं: आधी फुग्याने फुंकर (तोंडाने नव्हे, थुंकी उडते), मग किंचित ओलसर फडक्याने बॉडी, मग कोरड्याने. मीठ कोरडं पुसलं की ओरखडे पडतात. रात्री सगळं हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत. आई पापड ठेवते तसाच डबा. तांदूळ नको, त्याची भुकटी उडते. एसीच्या खोलीतून बाहेर पडताना कॅमेरा बॅगेतच अर्धा तास राहू द्या, नाहीतर काचेवर दव धरतं.

ड्रोनबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, म्हणून इतकंच: अडीचशे ग्रॅमच्या आतला असला तरी नो-फ्लायचा नकाशा बघावाच लागतो, आणि सिंधुदुर्गसारख्या संरक्षित किल्ल्यावर परवानगीशिवाय नाही.

आता जे कुठल्याही लेन्सपेक्षा जास्त कामाचं आहे. पंचांग जवळ ठेवा. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ येते, जागेप्रमाणे थोडी मागेपुढे. चार पाऊण तीन, म्हणजे चतुर्थीला तीन वाजता. आठ पाऊण सहा, म्हणजे अष्टमीला संध्याकाळी सहाला समुद्र काठोकाठ, पुळण चिंचोळी, आणि सूर्य बुडतानाही सहाच वाजलेले. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा. ओहोटी साडेपाचच्या सुमारास. त्या दोन-तीन संध्याकाळी पाणी दूर गेलेलं, मैलभर ओली वाळू आरशासारखी, आणि वरचं सगळं आभाळ खाली उतरलेलं. गुहागरची लांब पुळण त्यासाठीच राखून ठेवा. अष्टमीच्या आसपास हर्णैला असाल तर उत्तम. पाणी वर असतं तेव्हा होड्या जवळ येतात. पण लिलावाच्या वेळी सूर्य समुद्राच्या बाजूला, म्हणजे मासळीवाल्या मावश्यांचे चेहरे काळोखात. पाण्याकडे पाठ करून उभे राहा, पाय भिजतील ते भिजू देत. बोली चालू असताना मधे घुसू नका. एक टोपली घेतलीत आणि मग "मावशी, काढू का?" विचारलंत, तर त्या स्वतःच पापलेट उजेडात धरतात.

तुमच्या तारखा ठरल्या की कळवा. तिथी बघून कुठली संध्याकाळ कुठे घालवायची ते सांगतो.