आईच्या दंडावरचे डाग

प्रश्न : आई वृद्धाश्रमाच्या शुश्रूषा विभागात आहे. दोन्ही दंडांवर निळे डाग दिसले. तिथले कर्मचारी ‘पडल्या’ म्हणतात. आई काही बोलत नाही, दिवसभर पेंगते.

उत्तर : पडल्यावर मार सहसा गुडघा, कोपर, कपाळाला बसतो. दंडाच्या आतल्या बाजूला बोटांएवढे गोल डाग असतील, तर करकचून धरल्याची शंका घ्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनीही डाग पडतात, म्हणून आजच बाहेरच्या डॉक्टरांना दाखवा आणि लेखी नोंद घ्या. डागाशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा.

पेंगण्याचं कारण बहुधा गोळ्यांत सापडतं. औषधांचा तक्ता मागा, चिठ्ठीशी ताडा, पाकिटातल्या गोळ्या मोजा. चिठ्ठीत नसलेली झोपेची गोळी दिसली, तर लगेच डॉक्टरांना कळवा. माकडहाड आणि टाचा बघा : दाबूनही न जाणारी लाली ही शय्याव्रणाची (पडून राहून होणाऱ्या जखमेची) सुरुवात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते.

न कळवता, जेवणाच्या वेळी जा. आईशी एकटीशीच बोला. सेविका शेजारी उभी असेल तर आई बोलणारच नाही. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. मार्गदर्शनासाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७. मारहाणीची खात्री वाटली तर ११२, आणि आईला आधी तिथून हलवा.